सह्यप्रभव नद्यांचें जल : वैद्यकग्रंथांतील एका वचनाची चिकित्सा

१

सह्याद्रींत उगम पावणाऱ्या नद्यांचें पाणी कुष्ठ उत्पन्न करतें, अशा अर्थाचें एक वचन सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत, ४५ व्या अध्यायांत आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या २७ व्या आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतील सूत्रस्थानाच्या ५ व्या अध्यायांत याच जातीचीं वचनें आढळतात. देशावरील नद्यांच्या आजच्या दुरवस्थेविषयीं बोलणें निघालें म्हणजे हा जुना आधार दोन उलट हेतूंनीं पुढें केला जातो. एक पक्ष म्हणतो कीं, आमच्या नद्या जन्मतःच सदोष. मग आजच्या घाणीचें नवल तें काय? दुसरा पक्ष हें वचन गाळतो, ऋतुचर्येंतील शरदृतूच्या निर्मळ जलाचें वर्णन तेवढें उचलतो, आणि पूर्वीं सर्वत्र अमृत वाहत होतें, नासाडी सारी अलीकडची, असा निर्णय देऊन मोकळा होतो. पहिल्याचा दोष नदीवर, दुसऱ्याचा काळावर. नदीच्या कांठावरील जमीन कोण कशी वापरतो, हा मधला प्रश्न दोघेही विचारीत नाहींत.

प्रस्तुत लेखाचा हेतु त्या वचनांची पूर्वापर संगति लावून पाहणें हा आहे. हा खटाटोप केवळ पाठशुद्धीसाठीं नव्हे. मुठेचें पाणी पुण्याच्या संगमावर मुळेस मिळतें, मुळामुठा रांजणगांव सांडस येथें भीमेस मिळते, भीमा उजनीच्या जलाशयांतून पुढें पंढरपुरास जाते. वरच्या गांवानें जें पाण्यांत सोडलें तें खालच्या गांवाच्या घागरींत येतें. 'नदीच तशी' हें उत्तर ग्रंथाधारानें सिद्ध होत असेल, तर कांठावरच्या माणसाचें ओझें उतरलें. होत नसेल, तर ग्रंथकारांच्या नांवावर तें खपवूं देतां कामा नये.

२

प्रथम तिन्ही ग्रंथांचें म्हणणें समोर ठेवूं. चरकाच्या मतें हिमालयांतून निघालेल्या, पाषाणांवर आदळून फुटणाऱ्या नद्यांचें जल पथ्य. मलयप्रभव नद्यांचें जल अमृताच्या तोडीचें. उलट पारियात्र, विंध्य आणि सह्य या पर्वतांतून निघालेल्या नद्या शिरोरोग, हृद्रोग, कुष्ठ आणि श्लीपद यांस कारण. सुश्रुताच्या मतें सह्यप्रभव नद्या कुष्ठ, विंध्यप्रभव नद्या कुष्ठ व पांडुरोग, मलयप्रभव नद्या कृमि, महेंद्रप्रभव नद्या श्लीपद व उदर, आणि हिमालयप्रभव नद्या हृद्रोग, सूज, शिरोरोग, श्लीपद व गलगंड उत्पन्न करतात. पारियात्रप्रभव नद्या मात्र पथ्य व बलकारक.

हिमालय, मलय आणि पारियात्र या तीन पर्वतांविषयीं दोन्ही संहिता एकमेकींच्या अगदीं उलट बोलतात. एकीस जें अमृत तेंच दुसरीस कृमींचें आगर. असा विरोध जेथें असतो, तेथें दोहोंपैकीं एक वाक्य उचलून 'शास्त्र असें सांगतें' म्हणणें हें शास्त्राशीं प्रामाणिकपणाचें वर्तन नव्हे.

यापुढें आणखी एक अडचण आहे. पश्चिमाभिमुख नद्या पथ्य आणि पूर्वाभिमुख नद्या गुरु, हा सामान्य नियम दोन्ही संहितांत आहे. आतां सह्याद्रि हा एकच पर्वत दोन्ही दिशांना नद्या देतो. सावित्री, वाशिष्ठी, कुंडलिका, मांडवी या पश्चिमेस उतरतात. गोदावरी, भीमा, कृष्णा पूर्वेस जातात. कोंकणांतील नद्या पर्वताच्या नियमानें दूषित आणि दिशेच्या नियमानें शुद्ध ठरतात. एकाच घागरीस दोन्ही नियम लावले तर पाणी प्यावें कीं टाकावें, हें वैद्यालाही सांगतां येणार नाहीं. अर्थात् पर्वताचें नांव किंवा दिशा ही स्वतः कारण नसून, दुसऱ्या कोणत्या तरी कारणाची खूण म्हणून येथें आलेली असली पाहिजे.

३

तें दुसरें कारण ग्रंथांतच सांगितलेलें आहे. सुश्रुताच्या त्याच अध्यायांत, शीघ्र वाहणाऱ्या व निर्मळ पाण्याच्या नद्या हलक्या, आणि शेवाळानें झांकलेल्या, गढूळ, मंद वाहणाऱ्या नद्या जड, असा भेद केलेला आहे. येथें पर्वताचें नांव नाहीं. वाहणें आणि सांचणें यांवरच सर्व भर आहे.

वाग्भटानें तर गांठच सोडविली आहे. सातव्या शतकाच्या सुमाराचा मानला जाणारा हा ग्रंथकार दोन्ही संहिता समोर ठेवून लिहितो, हें सर्वविदित आहे. हिमालय व मलय यांच्या नद्यांविषयीं तो प्रथम चरकाप्रमाणें म्हणतो कीं, दगडांवर आपटून, उसळून, फुटून ज्यांचें पाणी मथून निघतें त्या पथ्य. लगेच पुढें तो म्हणतो कीं, त्याच नद्या 'स्थिर' झाल्या असतां कृमि, श्लीपद आणि हृदय, कंठ व मस्तक यांचे रोग करतात. म्हणजे चरकानें पाहिलेली नदी व सुश्रुतानें पाहिलेली नदी एकच. एकानें ती वर, खडकांत पाहिली, दुसऱ्यानें खालीं, डबक्यांत. 'स्थिर' या दोन अक्षरांत दोन संहितांचा विरोध मिटतो. आमच्या मतें या प्रकरणांतील हा सर्वांत महत्त्वाचा शब्द होय.

मग सह्याविषयीं वाग्भट काय म्हणतो? तो सह्य व विंध्य या दोहोंच्या नद्यांस कुष्ठ, पांडु व शिरोरोग जोडतो. त्यांस 'स्थिर' हा भेद लावीत नाहीं. तेव्हां वाग्भटानें सह्याद्रीस निर्दोष ठरविलें असें म्हणणें हाही विपर्यास होईल. तथापि हिमालयाच्या नद्यांस जो न्याय त्यानें लावला, तो सह्याच्या नद्यांस लावूं नये असें कोणतेंही कारण त्यानें दिलेलें नाहीं. तर्क त्याचा, उपयोग आपण करावयाचा.

या ठिकाणीं हस्तलिखितांच्या संग्राहकांस एक विनंती आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानावर हेमाद्रीची आयुर्वेदरसायन टीका आहे. हेमाद्रि देवगिरीच्या यादवांचा मंत्री, तेराव्या शतकांतला; सह्यप्रभव गोदावरीच्या खोऱ्यांत राहणारा. अरुणदत्ताच्या सर्वांगसुंदरेबरोबर ही टीका निर्णयसागर छापखान्यानें प्रसिद्ध केलेली आहे. तथापि महाराष्ट्रांत घरोघरच्या पोथ्यांत या टीकेच्या ज्या प्रती असतील, त्यांचा या एका स्थळापुरता तरी पाठमेळ पाहावा. स्वतः सह्याद्रीचें पाणी पिणाऱ्या टीकाकाराच्या हाताखालून हें वचन कसें गेलें, आणि नंतरच्या वैद्यांनीं समासांत काय टिपलें, हें जमविण्याजोगें आहे.

४

पाण्याचा गुण भूमीपासून येतो, हा विचारही या ग्रंथांत स्पष्ट आहे. चरक मातीच्या रंगावरून पाण्याची चव सांगतो : पांढऱ्या मातींत तुरट, फिकट मातींत कडू, कपिल मातींत क्षारयुक्त, खारवट जमिनींत खारट, काळ्या मातींत गोड. सुश्रुत अशाच एका मताचा उल्लेख करतो, परंतु तें 'कांहींचें मत' म्हणून सांगून तें बरोबर नाहीं असा निकाल देतो. त्याचें म्हणणें असें कीं, चव रंगावरून येत नाहीं. पृथिव्यादि महाभूतांचा परस्परांत जो प्रवेश होतो, त्याच्या कमीअधिकपणानें ती येते. भाषा जुनी असली तरी मुद्दा नेमका आहे. रंग ही खूण, मातींत जें मिसळलें आहे तें कारण. खूण आणि कारण यांचा भेद येथें सुश्रुतानें स्वतःच केला आहे. पर्वतांच्या यादीस आपण तोच भेद लावीत आहों.

आपल्याकडे गांवाच्या जमिनीचे 'काळी' व 'पांढरी' असे दोन भाग जुन्या कागदांत सर्वत्र येतात. काळी म्हणजे पिकाऊ जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. चरकाची काळी माती आणि पाटलाची काळी एकच, असें समीकरण कोणी मांडूं नये. एक मातीचा वर्ण सांगतें, दुसरें जमिनीचा विनियोग. परंतु पाण्याच्या इतिहासास उपयोगी पडणारें आहे तें दुसरेंच. एकाच रंगाच्या मातीवर पीक असेल तर पाणी एक प्रकारचें, वस्ती असेल तर दुसऱ्या प्रकारचें. गांवाच्या पांढरींत पिढ्यान् पिढ्या शेण, राख व मलमूत्र मुरतें. तेथील विहिरींत नायट्रेट हा क्षार चढतो. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत तो लिटरमागें ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं, जिभेस सहसा लागत नाहीं, आणि उकळल्यानें जात नाहीं.

५

आतां प्रत्यक्ष मुठेकडे वळूं, कारण वचनाची परीक्षा जागेवरच होते. मुठेच्या वरच्या खोऱ्यांत आंबी आणि मोसी या तिच्या साहाय्यक नद्या आहेत. त्यांवर अनुक्रमें पानशेत व वरसगांव हीं धरणें आहेत, आणि खुद्द मुठेवर टेमघर. त्याखालीं खडकवासला, १८७९ सालीं पुरें झालेलें. घाटमाथ्यावर वर्षाला कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पुणें शहरांत सुमारें सातशें. हा सर्व पाऊस मुख्यतः चार महिन्यांत पडतो. उष्ण कटिबंधांतील पावसाळी नदीचें हें मुख्य लक्षण : चार महिने पूर, आठ महिने धार.

उगमाजवळ जेथें दाट झाडी आहे तेथें पावसाचा मारा पानांवर व पाल्यावर पडतो. मुळांनीं धरलेली माती जागीं राहते, पाणी मुरून झऱ्यांवाटें हळूहळू बाहेर येतें. कुरण राखलेलें असेल तर गवतही हें काम बऱ्याच अंशीं करतें. त्याच उतारावर झाडी तोडून वरकस जमीन काढली, नाचणी व वरी यांसाठीं राब भाजला, कीं पहिल्या पावसांत राख व सैल माती ओढ्याला मिळते. त्याहूनही अधिक माती निघते ती डोंगर कापून घरांसाठीं सपाट्या काढल्या म्हणजे, आणि दगडखाणींतून. खडक तोच, सह्याद्रीचा काळा पाषाण, पाऊस तोच, पाण्याचा रंग मात्र तीन ठिकाणीं तीन.

सपाटीवर आल्यावर दुसरा विनियोग सुरू होतो. कालव्याखालीं ऊंस आला. पिकास लागतो त्याहून अधिक खत व पाणी दिलें म्हणजे उरलेलें खत निचऱ्यांतून ओढ्यांत व विहिरींत उतरतें, आणि काळ्या जमिनींत निचरा नसेल तर क्षार वर येऊन जमीन खारवट होते. चरकानें खारवट जमिनीचें पाणी खारट म्हटलें आहे. त्याची खारवट जमीन निसर्गानें तशी होती, आपली आपण करतों, एवढाच फरक.

तिसरा विनियोग शहर. २०११ च्या शिरगणतींत पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत ३१,२४,४५८ माणसें होतीं. मोठ्या शहरास दर माणशीं दर दिवशीं १३५ लिटर पाणी द्यावें आणि त्याच्या शेंकडा ८० भाग सांडपाणी होतें असें धरावें, हें पाणीपुरवठ्याच्या शास्त्रांतील रूढ परिमाण आहे. त्या हिशेबानें त्या वर्षींच्या वस्तीचें सांडपाणी दररोज सुमारें ३३ कोटी ७० लक्ष लिटर भरतें. यांतील जेवढें शुद्ध होऊन नदींत जातें तेवढें गेलें. उरलेलें ओढ्यांवाटें जसेंच्या तसें जातें. जपानच्या साहाय्यानें २०१६ सालीं करार झालेल्या योजनेंत ११ शुद्धीकरण केंद्रें धरलेलीं आहेत, यावरूनच उणीव केवढी होती हें कळावें.

सांडपाणी नदीचा प्राण कसा घेतें, हें थोडक्यांत असें. पाण्यांत विरलेल्या प्राणवायूवर मासे जगतात. मैला व उष्टें खरकटें कुजविणारे सूक्ष्म जीव तोच प्राणवायु वापरतात. ही कुजण्याची मागणी लिटरमागें ३ मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावी, आणि विरलेला प्राणवायु ५ मिलिग्रॅमपेक्षां कमी नसावा, असें स्नानयोग्य पाण्याचें सरकारी परिमाण आहे. पाणी खडकांवर आपटतें तेथें हवेंतील प्राणवायु त्यांत पुन्हा मिसळतो. बंधाऱ्यामागें थांबलें कीं तें बंद होतें, आणि मैल्यांतील खतावर जलपर्णी माजते. वाग्भटाच्या पाषाणांवर आपटणाऱ्या व स्थिर झालेल्या नदीचा भेद येथें पदोपदीं दिसतो. मात्र यावरून आमच्या पूर्वजांस प्राणवायु ठाऊक होता, असें सिद्ध करण्याचा मोह कोणी धरूं नये. त्यांस कार्य दिसलें, तें त्यांनीं चोख टिपलें. कारण पुढें कळलें. निरीक्षणाचा मान निरीक्षणास द्यावा. त्यावर शोधाचा मुकुट चढविला कीं दोहोंची अप्रतिष्ठा होते.

६

पर्वत तोच असतां भूमीचा विनियोग बदलला कीं पाणी बदलतें, याचें पुण्यास सर्वांत जवळचें प्रमाण कात्रजचें आहे. नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या डोंगरांतील पाणी तलावांत अडवून, झांकलेल्या नळानें शहरांत आणलें आणि तें वाड्यांस व हौदांस पुरविलें. दोन तलावांची योजना अशी कीं, वरच्यांत गाळ बसावा आणि निवळ पाणी खालच्यांत यावें. मुठा शहराच्या पायाशीं वाहत असतां इतक्या दुरून पाणी आणलें, त्या अर्थीं तेव्हांही मुठा दूषित होती, असें अनुमान कित्येकांस सुचेल. तें टिकणारें नाहीं. नदी खालीं आणि शहर वर. पाणी आपोआप उताराने यावें यासाठीं तें उंचावरूनच आणावें लागतें. एवढ्यानें उपपत्ति लागते तेथें अधिक कल्पना करूं नये.

परंतु कात्रजचें दुसरें प्रमाण निर्विवाद आहे. त्याच तलावाच्या माथ्यावरील उतारांवर अलीकडच्या काळांत वस्ती वाढली आणि तलावांत सांडपाणी व जलपर्णी यांचा उपद्रव सुरू झाला. डोंगर सह्याद्रीचा, माती तीच, बांध तोच, पाऊस तोच. बदलला तो वरच्या जमिनीचा उपयोग. न्यायाच्या परिभाषेंत ज्यास अन्वयव्यतिरेक म्हणतात, त्याचें याहून स्वच्छ उदाहरण मिळणें कठीण.

दिशेच्या नियमाचेंही असेंच एक उदाहरण आहे. मुळा ही पूर्वाभिमुख नदी. मुळशीस धरण बांधून तिचें बरेंचसें पाणी घाटाखालीं भिरा येथें वीज काढण्यासाठीं वळविण्यांत आलें. १९२१ ते १९२४ चा मुळशी सत्याग्रह त्याच धरणाविरुद्ध होता. वीज काढून झाल्यावर तें पाणी कुंडलिकेस मिळून पश्चिम समुद्रास जातें. ग्रंथाच्या नियमानें तें आतां 'गुरु' चें 'पथ्य' झालें. परंतु रोह्याच्या औद्योगिक वसाहतीखालचा कुंडलिकेचा पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या दूषित पट्ट्यांच्या यादींत आहे. दिशा सुधारली, कांठ सुधारला नाहीं. त्या यादींत साऱ्या देशांतील ३५१ पट्टे होते आणि त्यांपैकीं ५३ महाराष्ट्रांतले, इतर कोणत्याही प्रांतापेक्षां अधिक. २०२२ च्या यादींत देशाचा आंकडा ३११ वर उतरला, महाराष्ट्राचा ५५ वर चढला.

७

जुन्या वचनांचा आज सर्वांत अधिक विपर्यास होतो तो ऋतूंच्या बाबतींत. पावसाळ्यांत नदीचें पाणी वर्ज्य, आणि अगस्त्याच्या उदयानंतर शरदांत तें निर्मळ, असा प्राचीनांचा अनुभव. सूर्यानें तापलेल्या, चंद्रानें निवविलेल्या व अगस्त्यानें निर्विष केलेल्या त्या जलास हंसोदक हें नांव आहे. ज्या नदींत घाण येते ती मुख्यतः जमीन धुपून येते, त्या नदीस हा नियम बरोबर लागू पडतो. पहिले पाऊस उतारावरचा केर, शेण व माती घेऊन येतात; भाद्रपदानंतर लोंढे थांबतात, गाळ खालीं बसतो, पाणी निवळतें.

शहराखालच्या नदींत हा क्रम उलटतो. तेथें घाण पावसाबरोबर येत नाहीं. ती मोऱ्यांवाटें बाराही महिने सारखी येते. पुराच्या पाण्यांत ती विरते. पूर ओसरला, धरणाचे दरवाजे मिटले, म्हणजे पात्रांत वरचें स्वच्छ पाणी जवळजवळ उरत नाहीं; उरतें तें शहरानें टाकलेलें. म्हणून तेथें शरदांत पाणी डोळ्यांस निवळ दिसूं लागतें आणि ग्रीष्मापर्यंत अधिकाधिक वाईट होत जातें. पंचांगांत अगस्त्य उगवला म्हणून पाणी शुद्ध, असें आज त्या जागीं म्हणणारा मनुष्य वचनाचें शब्द पाळतो व अर्थ मोडतो.

शुद्धीच्या उपायांचीही हीच गोष्ट. सुश्रुतानें गढूळ पाणी निवळविण्याच्या सात वस्तु सांगितल्या आहेत. त्यांत निवळीचें बीं आहे, वस्त्राची गाळणी आहे. हे उपाय मातीच्या गढूळपणावर आहेत आणि त्यावर ते खरोखर चालतात. पाणी तापविण्याचाही उपाय त्यानें सांगितला आहे. त्यानें रोगजंतु मरतात. परंतु निवळीनें खताचा क्षार जात नाहीं, उकळल्यानें कारखान्याचें रसायन जात नाहीं. उपाय कोणत्या दोषावरचा, हें न पाहतां तो वापरणें म्हणजे एका रोग्याचें औषध दुसऱ्यास देणें.

८

रोगांच्या यादीविषयींही निवाडा केला पाहिजे. कारण वचनाची भीति तिच्यांतच आहे. कुष्ठ या शब्दांत वैद्यक अनेक त्वग्रोग घालतें. त्यांतील महारोगाचा जंतु नॉर्वेच्या हॅन्सेननें १८७३ सालीं दाखविला, आणि तो रोग सह्याद्रीच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही नदीचें पाणी प्याल्यानें होत नाहीं. तेवढ्यापुरतें वचन सोडून दिलें पाहिजे. श्लीपदाची गोष्ट निराळी. पॅट्रिक मॅन्सननें १८७७ च्या सुमारास डांस व श्लीपदाचे कृमि यांचा संबंध दाखविला. हे डांस सांचलेल्या घाण पाण्यांत वाढतात. रोग पिण्यानें होत नाहीं, पण स्थिर पाण्याच्या शेजारीं होतो. वाग्भटानें स्थिर पाण्यास श्लीपद जोडलें तें निरीक्षण म्हणून खरें आहे. कृमींत नारूचें उदाहरण अधिक बोलकें. पायऱ्यांच्या विहिरींत रोगी उतरे, त्याच्या पायांतील नारू पाण्यांत अंडपिलें सोडी, तें पाणी पिणारास वर्षभरानें नारू होई. विहिरींत उतरण्याची वाट बंद करणें, पाणी गाळणें, हातपंप बसविणें या साध्या उपायांनीं तो रोग हटला. भारतांतील शेवटचा रोगी १९९६ सालीं सांपडला, आणि २००० सालीं देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. पाणी बदललें नाहीं. पाण्याच्या कांठचें वर्तन बदललें. जन्मसिद्ध दोषाच्या कल्पनेस याहून मोठें उत्तर नाहीं.

९

हेंच उत्तर चरकसंहितेंत दुसऱ्या ठिकाणीं अधिक गंभीरपणें दिलेलें आहे, आणि ज्यांस सह्याचें वचन पाठ असतें त्यांस तें सहसा पाठ नसतें. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायांत, पांचालदेशांतील कांपिल्य नगराजवळ गंगेच्या कांठीं, ग्रीष्माच्या अखेरीस पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास जनपदोद्ध्वंसाची मीमांसा सांगतो. वायु, जल, देश व काल हे चार बिघडले म्हणजे निरनिराळ्या प्रकृतीचीं माणसें एकाच रोगानें मरतात. बिघडलेल्या जलाचीं लक्षणें तो देतो : गंध, वर्ण, चव व स्पर्श यांत विकृति, अतिशय चिकटपणा, जलचर पक्ष्यांनीं सोडून दिलेलें, जलाशयांतील जीव कमी झालेलें. शहराखालच्या कोणत्याही नदीच्या कांठीं उभें राहून ही यादी एकेक करून ताडून पाहावी. या यादींत कोणत्याही पर्वताचें नांव नाहीं.

अग्निवेश विचारतो कीं, हे चारही बिघडतात कशानें? उत्तर मिळतें : अधर्मानें, आणि त्याचा आरंभ देश, नगर व जनपद यांच्या मुख्यांपासून होतो, मग आश्रितांत, मग लोकांत व व्यवहारांत तो पसरतो. धर्माधर्माची ही भाषा कोणास आज जुनी वाटेल. परंतु जल बिघडण्याचें मूळ ग्रंथकार पर्वतांत शोधीत नाहीं, कारभारांत शोधतो, हें लक्षांत घ्यावें. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत पाण्याच्या जागीं मलोत्सर्ग करणारास दंड सांगितला आहे. मनुस्मृतींत मलमूत्र, थुंकी, रक्त व विष पाण्यांत टाकण्याचा निषेध आहे. निषेध प्राप्तीशिवाय नसतो, हा मीमांसकांचा न्याय. तेव्हांही लोक घाण करीत, म्हणूनच नियम करावा लागला. आणि जन्मसिद्ध दोषावर कोणी दंड बसवीत नाहीं.

१०

आतां निष्कर्ष. सह्यप्रभव नद्यांविषयींचें वचन प्रक्षिप्त म्हणून टाकण्याचें कारण नाहीं, आणि सिद्धांत म्हणून मिरविण्याचेंही नाहीं. तें एका काळच्या, एका प्रदेशांतील, एका प्रकारच्या प्रवाहाचें निरीक्षण आहे. पर्वताचें नांव त्या निरीक्षणाची खूण आहे. कारण त्याच ग्रंथांत वाहणें व सांचणें, भूमींत मिसळलेले पदार्थ आणि मुख्यांचा कारभार अशा तीन ठिकाणीं सांगितलेलें आहे. या तिहींस एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे कांठच्या जमिनीचा विनियोग.

संशोधकांनीं यावरून एक पथ्य पाळावें. जुन्या पत्रांत 'पाणी चांगलें' किंवा 'पाणी बाधलें' असा उल्लेख मिळाला, तर नदीचें नांव लिहून थांबूं नये. कोणता महिना, कोणता घाट, गांवाच्या वर कीं खालीं, ओढा मिळण्याच्या आधीं कीं नंतर, हें पत्रांत असेल तेवढें उतरून घ्यावें. कुरणें, मळईच्या जमिनी, ओढ्यांच्या हद्दी, तलावांची व हौदांची दुरुस्ती यांचे कागद आजवर वतनांच्या व घराण्यांच्या इतिहासापुरते वाचले गेले. ते पाण्याचे कागद म्हणून पुन्हा वाचले पाहिजेत. एखाद्या उतारावर कुरण केव्हां मोडलें आणि शेत केव्हां झालें, एवढी एक तारीख ठरली, तरी खालच्या ओढ्याचा अर्धा इतिहास ठरतो. असे कागद ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांनीं ते क्षुल्लक म्हणून रद्दींत घालूं नयेत.

आणि ज्यांस नदीविषयीं आधारच पाहिजे असेल, त्यांनीं सह्याचें वचन उद्धृत करण्यापूर्वीं वाग्भटाचा 'स्थिर' हा शब्द वाचावा. नदीस स्थिर कोणी केलें, आणि स्थिर झालेल्या पाण्यांत कोणी काय सोडलें, हे प्रश्न त्या शब्दानंतर टाळतां येत नाहींत. इत्यलम्.